डबी चार बोटं खाली घेतली

अहो,

माझं मौन दुपारी बारापर्यंत असतं हे माहीत असूनच काल सकाळी भाऊजी म्हणाले, "वहिनींची काही हरकत दिसत नाही, होडी विकून टाकू." मी गप्प होते म्हणजे मला पटलं असं नाही. मौन तोंडाचं आहे, हातांचं नाही.

भाऊजी म्हणतात तसं होडीवरचं मासे दाखवणारं यंत्र बिघडलेलं नाही. भाऊजींनी त्याची तळाचा ठाव घेणारी पाण्यातली डबी इतकी वर बसवली होती की होडीनं वेग घेतला की ती पाण्याबाहेर यायची आणि पडदा कोरा व्हायचा. काल मी ती चार बोटं खाली घेतली, जुन्या स्क्रूंची भोकं बुजवली, वायर इंजिनाच्या वायरींपासून लांबून नेली आणि बॅटरीजवळ फ्यूज घातला. आता पडद्यावर तळ स्वच्छ दिसतो.

तुमचा हात बरा होईपर्यंत होडी मी चालवणार. देवापुढे हात जोडून निघाले आहे, तुम्हाला विचारून नाही. चावी शोधू नका.

भाजी झाकून ठेवली आहे. गोळी जेवणानंतरच घ्या. भाऊजी गिऱ्हाईक घेऊन आले तर दोघांना बसवा, पाणी द्या आणि सांगा, होडी कामावर गेली आहे.