जानकीच्या उशाशी कोण होतं

घाटनांदूर,
८ डिसेंबर २०२४

चि. मोहिनीस, रामकिसनमामाचे अनेक आशीर्वाद.

तू दिलेली कादंबरी वाचून झाली. फोनवर मला ऐकू येत न्हाई, म्हणून लिहितो. साथीनं सगळं शहर मरतंय, वेशी बंद, अन् डॉक्टर रोज उठून परत आजाऱ्यांकडं जातो. लिहिणारा परमुलखातला, सत्तर-ऐंशी वर्षांमागचा. त्याला आपलं एकवीस साल कसं ठावं? लई जागी पुस्तक मिटून नुसता बसून राहिलो.

त्यात एकाचा जीव जाताना उशाशी कुणी तरी बसून राहतं. तिथं अडलो. तुझ्या मामीला अंबाजोगाईला नेलं, मला वॉर्डाच्या दारातून मागं फिरवलं. चौथ्या दिवशी निरोप आला. तू तिथंच नर्स होतीस, तरी साडेतीन वर्षं विचारायचं धाडस झालं न्हाई. जानकीजवळ शेवटी कुणी होतं का? नसंल तर तसं लिही.

तुझा,
मामा

धारूर,
१५ डिसेंबर २०२४

ती. मामांना मोहिनीचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुम्ही हे विचाराल म्हणूनच मी घाटनांदूरला यायचं टाळत होते. मी जवळ नव्हते. त्या दिवशी मीच तापानं पडले होते.

पण मामी एकटी नव्हती. सटवा नावाचे सफाई कामगार होते. त्यांची पाळी संपली होती. मामी सारखी तुम्हाला विचारत होती, म्हणून ते स्टूल ओढून बसले, तिचा हात धरला आणि शेवटपर्यंत तीन तास उठले नाहीत. मालक बाहेर लिंबाखालीच बसलेत, घरी जायला तयार न्हाईत, असं ते तिला सांगत राहिले. ती ऐकून निवली, असं पाळीवरच्या मैत्रिणीनं मला सांगितलं. समजूत घालायला बोलले असतील. त्यांना दोष देऊ नका.

मामा, रागावला असाल तरी माया असू द्या.

तुमची,
मोहिनी

घाटनांदूर,
२२ डिसेंबर २०२४

चि. मोहिनीस आशीर्वाद.

पोरी, सटवा खोटं बोलला न्हाई. मी चारही दिवस त्या लिंबाखालीच होतो. तुमी सगळे ओरडाल म्हणून पाव्हण्याकडं राहिलो असं सांगितलं होतं. एका सकाळी प्लास्टिकच्या झग्यातल्या एका माणसानं मला कुणासाठी बसलाव म्हणून विचारलं होतं. मी जानकीचं नाव सांगितलं. त्याचं तोंड दिसलं न्हाई.

काल अंबाजोगाईला जाऊन त्याला भेटलो. माझ्याहून ठेंगणा, साधा माणूस. तुला भ्या वाटलं न्हाई का, म्हणून विचारलं. लई वाटलं, म्हणला, पण बाई हात सोडंना, मग उठावं कसं. एवढंच बोलला अन् माझ्यासाठी चहा सांगायला निघाला.

मी जाऊ दिलं न्हाई. त्याचा हात दोन्ही हातांत धरून तिथंच बसलो. जानकीनं शेवटी धरलेला हात त्यो.

आता निवांत ये. तुझ्यावर राग कशाचा.

तुझा,
मामा