मोरीत सोडलेल्या गोगलगायी

२३ जुलै १९९५, रविवार
आलो एकदाचे नेरूळला! दोन खोल्या, घरातच मोरी, खिडक्यांना कोरं ग्रिल. गिरगावात आमची वाळत घातलेली साडी शेजाऱ्यांच्या वरणात पडायची. इथे सोळा घरांच्या इमारतीत आम्ही धरून तीनच बिऱ्हाडं. तळमजला म्हणून मी नाक मुरडलं, पण उगाच आपलं. पार्थला, म्हणजे आमच्या चार वर्षांच्या चिरंजीवांना, रमवायला प्रसादने येता येता काचेची टाकी, चार सोनेरी मासे आणि पाणवनस्पतींची जुडी आणली. भांडी लावायला फळी नाही, पण माशांना बंगला झाला. नवरा असा. मी मात्र अगदी मनापासून खूश आहे.

३१ जुलै, सोमवार
टाकीत गोगलगायी! त्या जुडीच्या पानांना अंडी चिकटून आली असणार. दुकानदार म्हणाला, माशांना खाणं कमी टाका, नाहीतर चिमूटभर मोरचूद घाला. पण जास्त झालं तर मासेही जातील. त्यात श्रावणी सोमवार. आज जीव मारणं माझ्या हातून व्हायचं नाही. रात्री टाकीत कोबीचं पान तरंगत ठेवलं होतं, सकाळी त्याला हरभऱ्याच्या डाळीएवढ्या शंभरेक लगडलेल्या. पान मोरीत झटकलं, वर दोन तांबे पाणी ओतलं. जातील खाडीत, सुखाने नांदतील. पुण्य पदरात पडलं ते वेगळंच.

३ ऑगस्ट
रोज पान झटकते. आज विमलबाईंनी पाहिलं. त्या धुण्याभांड्याला येतात, जवळच्या कोळीवाड्यातून. एरवी मोजकं बोलणारी बाई, पण हातातला खराटा खाली ठेवून म्हणाल्या, "ताई, मारायच्या तं मारा, पन जित्या मोरीत सोडू नका. खाडीच्या खाजनावर भराव टाकलेली जागा हाय ही. भरतीला पानी मागारी येतं. आन् एकटं नाय येत."
मला हसू आलं. श्रावणात मारा म्हणे!

६ ऑगस्ट
भर दुपारी मोरीच्या जाळीवर तीन गोगलगायी. लिंबाएवढ्या. जाळीच्या भोकातून बोटसुद्धा जात नाही, मग या आल्या कशा? प्रसाद कालपासून उरणला, बंदरावरच्या नव्या नोकरीत, आठवडाभर तिकडेच. आपला फोन अजून लागायचा आहे. झाडूच्या दांड्याने परत आत ढकलल्या. ठेचायला हव्या होत्या. हात उचलला नाही.

८ ऑगस्ट
मोरीची जाळी त्यांनीच उचकटली. आता वाटीएवढ्या आहेत. किती, ते मोजलं नाही. भोकावर पाटा ठेवला. विमलबाई म्हणाल्या, पौर्णिमेची भरती मोठी, पोराला घेऊन निघा. वरची दोन्ही बिऱ्हाडं गावाला गेली आहेत. मला भीती वाटते आहे. उद्या उजाडताच आईकडे गिरगावला जाते.

९ ऑगस्ट
दार उघडत नाही.
कडीवर, बिजागऱ्यांवर शंखच शंख. चिकटा वाळून सरसासारखा घट्ट. खरवडताना सुरी मोडली. खिडकीतून ओरडून घसा बसला, समोर नुसतं मैदान. विमलबाई आल्या नाहीत. पार्थला म्हटलं, हा खेळ आहे. त्याला ते पटलेलं नाही.

१० ऑगस्ट, नारळी पौर्णिमा
साडेअकरा. पाटा आपोआप सरकला.

बारा. घरात घोटाभर पाणी. बाहेर आवारातही. पार्थला टेबलावर उभं केलंय. गोगलगायी भिंतींवरून, सगळीकडून —

ग्रिलचा कोपरा वाकवला. तो मावेल. मी नाही.

काढला बाहेर. खांदा खरचटला, रडत होता. म्हटलं, भिंत धरून फाटकापर्यंत जा, दिसेल त्याला सांग, आईला सोडवा. गेला. शहाणं बाळ माझं. गुडघाभर पाण्यातून कोपऱ्यावरून वळला. तो सुटला. आता माझं काहीही होवो —

कोपऱ्यापलीकडचं गटार, आमची मोरी ज्यात उतरते ते. त्यावर अजून झाकण बसवलेलं नाही. पाण्याखाली त्याला ते दिसणार — मी कसं विसरले — मीच पाठवलं —

हाक आली. "आई." पार्थच.

खिडकीतून नाही. मोरीतून —