दुसऱ्याच्या हातची काडतुसं

मोंटाना, सप्टेंबर

प्रिय वॉरन,

घरी काडतुसं भरून आपला म्हातारा अजून किती पैसे वाचवतोय, असं तू मागे फोनवर खवचटपणे विचारलंस. मलाही कुतूहल होतंच. म्हणून उन्हाळाभर तळघरात बाबांच्या शेजारी बसून मी तेच शोधलं. खरं सांगू? दमडीही वाचत नाही! वापरलेल्या पितळी पुंगळ्या फुकटच्या, हे खरं. पण बंदुकीची दारू महाग, ठिणगी पाडणाऱ्या टोप्या दुकानात मिळाल्या तर मिळाल्या, आणि दारू तोलायचा काटा, गोळी दाबून बसवायचा प्रेस, साचे यांच्या पैशांत एखादी जुनी पिकअप आली असती. वर स्वस्त पडतात म्हणून माणूस दुप्पट बार काढतो ते वेगळंच. मी हे ऐकवल्यावर बाबा म्हणाले, "तुझी आई टोमॅटो बरण्यांत भरायची, तेव्हा मागितला होतास का गं हिशेब?"

मग फायदा कसला, ते कळेना. एकदा त्यांनी माझ्याकडून दुकानातली काही आणि स्वतःची काही काडतुसं कागदी निशाणावर झाडून घेतली. दुकानातल्यांची भोकं तळहाताएवढ्या जागेत विखुरली. बाबांची एका नाण्याखाली झाकली गेली. आपल्या रायफलला काय मानवतं ते त्यांना नेमकं ठाऊक. त्या दिवसापासून मलाही वेडच लागलंय.

आपल्याकडे दुसऱ्याच्या हातची काडतुसं कुणी झाडत नाही, हे तुला मी काय सांगणार? एका पुंगळीत चुकून दोनदा दारू पडली की रायफल तोंडावरच फुटते. शाळेत असताना तू बाबांच्या वाढदिवसाला डबाभर काडतुसं भरून दिलीस, त्यांनी ती तशीच परत केली. तो राग तू अजून धरून आहेस. तेव्हा मलाही ते दुष्ट वाटले होते. पण तुझीच काय, स्वतःच्या सख्ख्या भावाचीही त्यांनी कधी घेतली नाहीत रे.

दारू घातल्यावर दिवा धरून प्रत्येक पुंगळीत डोकावायचं असतं. जुलैत बाबा डोकावले, पुन्हा डोकावले आणि हळूच म्हणाले, "तू बघ गं जरा." त्यांच्या नजरेच्या मधोमध डाग आहे, आणि तो वाढणार आहे. डॉक्टरांनी सांगून वर्ष झालं, पण त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. मी वर जाऊन रडले. ते खाली प्रेसला तेल देत बसले होते.

यंदा एल्क हरणांच्या शिकारीच्या मोसमात ते बार काढणार नाहीत. पण दिसतंय तोवर वरच्या कड्यापर्यंत जायचंय, आणि तेही तुझ्याबरोबर. गेला आठवडाभर ते माझ्याकडून तुझ्या रायफलसाठी काडतुसं भरून घेतायत. दारू मी मोजते, पुंगळ्यांत मी डोकावते, आणि ते तयार काडतूस बोटांनी चाचपून डब्यात ठेवतात. तुला फोन करायचा मात्र त्यांना धीर होत नाही. काल म्हणाले, "त्याची मी घेतली नाहीत. आता आपल्या हातची तो कशाला घेईल? तूच विचार." म्हणून विचारतेय, वॉरन. घेशील?

तुझीच,
डीलिया