आठवा बिंदू

रविवार, १२ मे १९९६

धाकटा भाऊ वाल्मिक सकाळच्या गाडीनं आला. उंबऱ्यातच म्हणाला, "दादा, माझ्यावर आलंय."

विमानदलात त्याला सोळा वर्षं झाली. उड्डाणाआधी विमानाच्या कॉम्प्युटरमध्ये वाटेचे बिंदू भरायचे, हे त्याचं काम. एप्रिलमध्ये सात भरले. विमान ढगात शिरलं. सातव्यानंतर तळाकडे यायचं, ते डोंगराकडे वळलं. दोघं गेले. चौकशीवाले म्हणतात, आदल्या दिवशीचे बिंदू तू पुसले नाहीस. तो म्हणतो, पुसले.

जेवला नाही. मी त्याला लहानपणापासून ओळखतो — बूटसुद्धा सरळ रेषेत ठेवणारा माणूस.

१४ मे

आज कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर त्यानं बटणांचा तक्ता काढून दाखवला. कोणतं बटण कधी, नंबरासकट. एकूण दहा जागा. पुसल्यावर दहाही ओळी कोऱ्या दिसल्या, हे तो शपथेवर सांगतो. आदल्या दिवशीचा आठवा बिंदू कुठला? — डोंगरापलीकडचा!

"बाहेर कुठे बोलू नको," म्हणाला. मी काय पानाच्या गल्ल्यावर गप्पा छाटत बसणारा आहे?

कागद जपून ठेवला. सातच्या पोटात आडवी रेघ अजून मारतो. मीच शिकवलेली — एक आणि सात यांत घोटाळा नको.

२० मे

वाल्मिक गेला. स्टेशनवर पाया पडला. एवढा वेळ वाकून कधी राहत नाही.

५ जून

सापडलं!! आणि कुठे, तर आमच्या पर्वत पाटियाच्या साड्यांच्या कारखान्यात, खात्यात. मागावरच्या भिकननं जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या यंत्रावर, साडीची नवी किनार चढवली. एक भोकांचा पुठ्ठा म्हणजे आडवा एक धागा. पुठ्ठे साखळीत ओवलेले. नवी किनार आखूड, साखळी जुनी, लांब. कोयरी संपली आणि खाली मोराचे पाय उमटले. शेठ लाल झाला. भिकन वही पुढे करून म्हणतो, "काका, जुने तर मी खोडले ना." खोडले — वहीत! साखळीतून काढलेच नाहीत.

मी तिथेच उभा राहिलो. पडदा म्हणजे वही. आतली मेमरी म्हणजे साखळी. बटणानं वही पुसली. आठ, नऊ, दहा आत तसेच. सातवा संपला, विमान कालच्या आठव्याकडे वळलं. चूक वाल्मिकची नाही, प्रोग्राम लिहिणाऱ्याची.

९ जून

डिझाईनच्या जुन्या कॉम्प्युटरवर तसाच प्रोग्राम लिहिला. त्रेचाळीस ओळी. पुसा — पडदा कोरा. चालवा — सातनंतर आठ हजर. अकरा वेळा केलं, अकराही वेळा तेच.

मॅट्रिक नापास माणूस. इंग्रजी डिक्शनरीवरून शिकलो, प्रोग्राम रद्दीतल्या पुस्तकावरून. त्या पदवीवाल्यांना एकदाही सुचू नये?

२४ जून

चौकशी मंडळाला नऊ पानी पत्र. बटणांचे नंबर, क्रम, सगळं. तक्त्याची नक्कल करणार होतो, पण पुरावा अस्सलच हवा. मूळ कागदच जोडला.

बायको, उषा, वाचून म्हणाली, "हाई तुमले कोनी सांगं, अस इचारतीन ना त्या?" म्हटलं, कोणी सांगितलं ते विचारू देत, खऱ्याला कसली भीती? ती भांडी घासायला गेली. रजिस्टर करून आलो. पावती या पानाला टाचली आहे.

११ जुलै

उत्तर नाही. शेठला कळलंय. म्हणतो, "बन्सीभाई, तमे साडी संभाळो ने. प्लेन एनी मेळे उडशे." मी साड्या सांभाळाव्यात, विमान आपलं आपण उडेल म्हणे. सगळे हसले. हसा.

३० जुलै

वाल्मिकचं पत्र. "वकील आशा दाखवतोय. दादा, तू मात्र कुणाला काही लिहू नको." उशीर झाला. झाला ते बरंच झालं. वकिलाला मेमरी म्हणजे काय ते तरी ठाऊक आहे का?

वाल्मिकला पत्राबद्दल कळवलं नाही. निकाल लागला की एकदमच सांगेन.

१९ ऑगस्ट

आले! दोघं, साध्या कपड्यांत. खुर्ची एकच, म्हणून मी खाटेवर बसलो. मोठा साहेब म्हणाला, आम्ही तपासलं, तुमचा तर्क बरोबर आहे. बटण फक्त पडदाच पुसतं. सगळ्या विमानांत दुरुस्ती चालू आहे. मला म्हणाला, "आप इंजिनियर हैं?" मी म्हटलं, नाही. हे 'नाही' म्हणायला मी पंचवीस वर्षं थांबलो होतो.

उषानं चहा दिला. मग त्यानं कॅलेंडरचा कागद काढला, आकड्यावर बोट ठेवलं. "ये सात किसने लिखा?"

"माझ्या भावानं. रेघ मी शिकवली."

त्यांनी ते लिहून घेतलं. मी वाचलं, शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या, सही केली.

२३ ऑगस्ट

वाल्मिकच्या बायकोचा, सोनालीचा, शेजारच्या दुकानात फोन. अपघाताच्या ठपक्यातून तो सुटला. काल त्याला अटक झाली — यंत्राची माहिती बाहेर दिली म्हणून. पुरावे दोन. तो कागद, आणि माझा जबाब.