डाग पडलेली पानं

प्रिय धाकटे,

आधी माझे आशीर्वाद घे, मग हवं तेवढं रागाव. तुझा गुडघा जिना चढू देतो का आता? इकडे सगळे धडधाकट, माझा चष्मा सोडून (त्यावर मीच बसलो).

तू खोक्यातून दोन गोष्टी धाडल्या होत्यास: आईच्या टोमॅटोच्या बियांची शेवटची पुडी, आणि नव्याने बांधून द्यायला तुझी जुनी वही. बियांची चार रोपं झाली, गच्चीवरच्या कुंड्यांत कमरेएवढी वाढली, आणि खालच्या पानांवर तपकिरी ठिपके उमटले. करपा! ही चार गेली की आईचा टोमॅटो कायमचा गेला, म्हणून घाबरून तुला लिहिलं. त्याच पत्रात वहीवरचे डाग पुसू का, तेही विचारलं. तुझं उत्तर एका ओळीचं: "डाग पडलेली पानं काढून जाळून टाक, दयामाया नको."

आता तूच सांग, चाळीस वर्षं पुस्तकं बांधणाऱ्याला पान म्हटल्यावर काय दिसणार? वही समोरच उसवून ठेवलेली, तेलाच्या, चहाच्या, चिखलाच्या बोटांनी नटलेली. म्हटलं, धाकटी पहिल्यापासूनच टापटिपीची. सतरा पानं न वाचता जाळली आणि उरलेल्या वहीला सुरेख कापडी पुठ्ठा चढवला. करपा तिकडे मजेत वर चढत होता.

आठवड्याने तुझ्या वहिनीच्या हाती ते पत्र लागलं. "अहो, झाडाची पानं! पुस्तकं बांधता बांधता डोक्याचाही पुठ्ठा झालाय तुमच्या!" मी तसाच उठलो, कात्री उकळत्या पाण्यात बुडवून गच्ची गाठली. पान कापायचं, कात्री पुसायची, खाली पडलेलंही उचलून पिशवीत. इतका रंगात आलो की वहिनी जिन्यातून ओरडली, "शेंडे तरी ठेवा!" म्हणून शेंडे वाचले. चारही झाडं भादरलेल्या मेंढ्यांसारखी केविलवाणी उभी. पाणी आता पानांवर नाही, फक्त मुळाशी. शेजारचे घड्याळजी कठड्यावरून म्हणाले, "काका, काठ्यांना पाणी घालताय?" म्हटलं, "घालतोय. तुमचं काय जातंय?"

दहाव्या दिवशी काठ्यांना हिरवे कोंब फुटले गं! आज तिघांची पानं स्वच्छ आहेत. चौथं रुसलंय, पण आहे. एकावर पाच फळं धरलीत आणि त्यातल्या एकाला लाली चढतेय. सकाळी चहाआधी मी त्यालाच भेटून येतो.

तुझा,
दादा

ता. क. वहीत मजकूर जरा कमी सापडेल. उरलेलं शेवटचं पान असं संपतं: "आई बी कसं धरायची, ते पुढच्या पानावर." पुढचं पान कुठे गेलं ते तू जाणतेसच. त्या जागी सतरा कोरी पानं शिवून ठेवलीत.

ता. क. २. फळ आठवड्याभरात पिकेल. बी कसं काढायचं ते मला ठाऊक नाही, म्हणून तू स्वतः ये आणि चांगली महिनाभर राहा. पत्राने काही कळवू नकोस. तू लिहिशील त्यातून मी काय समजेन, याचा आता घरात कुणालाच भरवसा नाही.