तळ्यापाशी पास्कलकाका

रविवार, २१ जानेवारी २००१
एव्हरशाईन सिटी

पाय ठणकतायत, पण हे आधी लिहायलाच हवं. ऑफिसच्या गोल्फ स्पर्धेत आज माझे जोडीदार होते स्टोअरचे पास्कलकाका, नायगावचे. दोघंही कच्चेच. तरी शेवटच्या होलपर्यंत आम्ही कपाच्या शर्यतीत! आमच्यापैकी एकाने तरी तो सहा फटक्यांत संपवायचा होता. मधे तळं.

मी पहिला. मोठी स्टिक घेतली, चेंडू पाण्यात. परत तीच स्टिक, परत पाण्यात. प्रत्येक बुडीला एक फटका दंड, म्हणजे माझे चार तिथेच गेले. का? सगळे बघत होते म्हणून, दुसरं काय.

मग काका. साहेब ओरडले, "मारा काका, तळ्यापलीकडे!" काकांनी छोटी स्टिक काढली. मागे कोणीतरी हसलं. मलाही लाज वाटली, खोटं कशाला लिहू? त्यांनी तळ्याच्या कडेकडेने तीन छोटे फटके मारले, तिसरा थेट होलभोवतीच्या हिरवळीवर. मग दोन हलके फटके, चेंडू आत. पाच! कप आमचा.

परतताना लोकलमध्ये विचारलं, "काका, लोक हसले तेव्हा काही वाटलं नाही?"

"वाटलं ना. पन लांबचा फटका मला दहात दोनदा जमतो. तुझे दोन बुडलेले, मग सगळं माझ्यावरच होतं ना?"

ती छोटी स्टिक डोळ्यांसमोरून जात नाही. चारचौघांत ती काढायची हिंमत माझ्यात कुठे आहे?

"मला शिकवाल?"

"पुढच्या रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर ये," म्हणाले, आणि नायगावला उतरताना कप माझ्या पिशवीत टाकला. "घरी दाखव. आपन दोघांनी जिंकला म्हनून सांग."