बाराव्या खुंटीवरची गादी

लिचफिल्ड, ९ सप्टेंबर १९७४

प्रिय आई,

सुखरूप पोचले. खोली कोरडी आहे, जेवतेही वेळेवर. बाबांचा खोकला कसा आहे?

काल कॅथेड्रल पाहिलं. तिन्ही कळस तळ्यापलीकडूनही दिसतात. पण मी शोधत होते, प्रार्थनेला गुडघे टेकायच्या तू भरतकाम केलेल्या गाद्या. सापडल्या! हंसाची गादी उलटली, तर खाली तुझ्या नावाची अक्षरं. अकरा खुंट्यांवर अकरा गाद्या, बारावी खुंटी रिकामी.

देखरेखीच्या प्रिचर्डबाई ओरडल्या, "अगं पोरी, ती गुडघे टेकायला आहे, पालथी घालायला नाही!" मग हळूच म्हणाल्या, "ही डोरीन फार सुबक भरायची. शेवटची पाठवलीच नाही. वारली असेल बिचारी."

"जिवंत आहे," मी म्हटलं. "तिची मुलगी पदवी घेऊन आली आणि म्हणाली, लोक उपाशी असताना गुडघ्यांना मऊ कशाला हवं? तेव्हापासून तिने सुई धरली नाही."

"मुलगी भारीच शहाणी दिसते!"

मी मान डोलावली; ती मुलगी मीच, हे मात्र सांगितलं नाही.

आई, ती अर्धी राहिलेली बारावी गादी पूर्ण कर, असं म्हणायचा मला हक्क नाही. फक्त टाकून दिली नाहीस ना, एवढं कळव.

तुम्हा दोघांची आठवण काढणारी,
ग्वेन